प्रबंध आधीं कीं पाळणा आधीं?

घाटकोपरला आमच्या शेजारीं माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. ती महाविद्यालयांत नुकतीच अध्यापिका झाली आहे. परवां तिनें विचारलें, "सर, प्रबंध आधीं, कीं मूल आधीं?" प्रश्न नवा नाहीं. उत्तरासाठीं मीं तिला कर्व्यांच्या घराचा इतिहास सांगितला.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला. महर्षि कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव, यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १९२८ सालीं मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं एम. ए. होऊन त्या बर्लिनला गेल्या. ज्या महर्षींनीं स्त्रीशिक्षणासाठीं आयुष्य वेंचलें, त्यांनाच सुनेचें हें परदेशगमन पसंत नव्हतें! परंतु दिनकरराव स्वतः जर्मनींत शिकलेले होते. त्यांनीं पत्नीस धाडलेंच. पैशांची सोय जीवराज मेहता यांनीं दिलेल्या कर्जानें झाली. मानवी कवटीच्या असमानतेवर प्रबंध लिहून बाई डॉक्टर झाल्या.

परत आल्यावर संशोधनाची जागा लगेच मिळाली असें नाहीं. १९३१ ते १९३६ पर्यंत त्यांनीं महिला विद्यापीठाच्या कचेरीचें काम पाहिलें. १९३२ सालीं थोरली कन्या जाई झाली. पुढें आनंद झाला. १९३९ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांना मनाजोगें काम लाभलें. धाकटी गौरी त्यानंतरची, १९४२ सालची. भारतांतील आप्तसंबंधांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९५३ सालीं निघाला.

म्हणजे प्रबंध, मूल, नोकरी, पुन्हा मूल, आणि मग ग्रंथ, असा हा क्रम आहे. त्यांत एकासाठीं दुसऱ्याचा कायमचा त्याग नाहीं. विलंब पुष्कळ झाला. पण विलंब म्हणजे शेवट नव्हे.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणें पीएच. डी. करणाऱ्या स्त्रीस २४० दिवसांपर्यंत प्रसूतिरजा आणि दोन वर्षें वाढीव मुदत मिळूं शकते. इरावतीबाईंच्या काळीं असा नियम नव्हता. परंतु नियम मुदत देतो. रात्रीं रडणारें मूल कांहीं तो उचलून घेत नाहीं. तें काम घरांतल्या माणसांचें. महर्षींसारख्या थोर पुरुषाचेंहि मन जेथें कचरलें, तेथें दिनकरराव पत्नीच्या बाजूस उभे राहिले, हें मला या इतिहासांत सर्वांत महत्त्वाचें वाटतें.

म्हणून त्या मुलीस मीं एवढेंच सांगितलें, "हा प्रश्न तुझ्या एकटीचा नव्हे. पुढच्या रविवारीं यजमानांनाहि बरोबर घेऊन ये."