तळटीप : पारा-१८५

पाऱ्याचे अल्पायुषी समस्थानिक. अर्धायुकाल जेमतेम ४९ सेकंद. जिनिव्हाजवळच्या सर्नमधील ‘आयसोल्ड’ येथे वितळलेल्या शिशावर प्रोटॉनांचा मारा करून अशी समस्थानिके मिळवतात व लगोलग लेसरखाली आणतात. लेसरची तरंगलांबी हळूहळू बदलत नेली की ठरावीक जागी अणू प्रकाश शोषतो. अणुकेंद्र फुगले वा लांबले, की ती जागा केसभर सरकते. १९७२ साली (तेव्हा लेसर नव्हे, पाऱ्याचाच दिवा वापरला होता) १८५चे केंद्रक रग्बीच्या चेंडूसारखे लांबुळके आढळले. शेजारचे १८४ मात्र जवळपास गोल! एका न्यूट्रॉनने एवढी उलथापालथ व्हावी, हे खरोखर विलक्षण आहे. लेखकाने येथे ‘अपवाद’ म्हटले आहे, ते अपुरे वाटते. १८१ आणि १८३ही तशीच लांबुळकी आहेत. १७७पर्यंतची लेसर-मोजमापे २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. १८०च्या खाली हा हेलकावा थांबतो.—संपादक