भिंतीवरची पाटी

वर्गातला फळा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. त्यावरची सूचना येणारा-जाणारा कोणीही वाचतो. संगणकही असाच सर्वांचा असावा, हा विचार कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात मार्क वायझर यांनी १९८८च्या सुमारास मांडला.

सप्टेंबर १९९१च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी संगणकाचे तीन आकार सुचवले: चिठ्ठीएवढा, वहीच्या पानाएवढा आणि फळ्याएवढा. एका खोलीत शंभरांहून अधिक चिठ्ठ्या, दहा-वीस पाने आणि एक-दोन फळे असतील, अशी त्यांची कल्पना होती. यातले ‘पान’ म्हणजे टेबलावरचा कोरा कागद. कोणीही उचलावा, वापरावा, ठेवून द्यावा.

प्रत्यक्षात घडले वेगळेच. २०१०मध्ये आयपॅड आला. आकार वायझर यांच्या पानाचाच, पण विकला गेला तो खाजगी वस्तू म्हणून. २०१२मध्ये आलेली नवी कार्यप्रणाली या पहिल्या आयपॅडवर चालेना. अडीच वर्षांतच तो ‘जुना’ झाला. त्याचा ९.७ इंची पडदा शाबूत होता. थांबला होता तो नव्या आज्ञावलीचा पुरवठा.

असे टॅब्लेट काही हौशी मंडळी भिंतीवर लावतात आणि त्यावर घड्याळ, दिनदर्शिका, हवामान दाखवतात. हे कसे जमते? घरातला दुसरा छोटा संगणक माहिती गोळा करून साधे पान तयार करतो. टॅब्लेट ते फक्त दाखवतो. अवघड काम दुसरीकडे गेल्यामुळे त्याचे वय आड येत नाही. मात्र आधी त्यातली खाजगी माहिती पुसावी. बॅटरी सतत पूर्ण भारित राहिली तर लवकर खराब होते, फुगूही शकते. म्हणून चार्जर ठरावीक वेळच चालू ठेवावा. फुगलेली बॅटरी मुळीच वापरू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे ती फक्त २२.३ टक्क्यांची. शिवाय अशा उपकरणाच्या एकूण पर्यावरणीय भारातला मोठा वाटा ते बनवतानाच पडलेला असतो.

वायझर १९९९मध्ये वारले. आयपॅड त्यांनी पाहिला नाही. पण भिंतीवरचा, कोणाच्याही नावावर नसलेला जुना टॅब्लेट त्यांच्या ‘पाना’च्या बराच जवळ जातो. शाळेच्या कपाटात असा एखादा टॅब्लेट असेल, तर त्यावर तासिकांचे वेळापत्रक दाखवण्याचे काम नववीच्या मुलांकडे सोपवून पाहावे.