डोळ्यांतून रक्त उडवणारा सरडा

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७० मध्ये आपला एक वैद्य, फ्रान्सिस्को हर्नांदेस, याची नेमणूक मेक्सिकोतल्या वनस्पती आणि प्राणी यांची माहिती जमवण्यासाठी केली. तिथल्या एका चपट्या, काटेरी सरड्याबद्दल हर्नांदेसने लिहिले, की डोक्यावर किंवा डोळ्यांवर दाब पडला की हा प्राणी डोळ्यांतून जोरात रक्त उडवतो. हर्नांदेस १५८७ मध्ये वारला. त्याचे हे लिखाण रोमला छापून निघाले ते थेट १६५१ साली.

ही भाकडकथा वाटली तर नवल नाही. हा शिंगवाला सरडा जेमतेम तळहाताएवढा, वाळूच्या रंगाचा. मुख्यतः मुंग्या खाऊन जगणारा. पुढे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञांनीही रक्त उडताना पाहिले आणि १८९२ मध्ये त्यावर एक टिपण प्रसिद्ध झाले. पण रक्त येते कुठून?

याचे उत्तर १९०७ साली एच. एल. ब्रुनर यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डोक्यातील शिरांचा अभ्यास करून दिले. डोक्यातले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांभोवती स्नायू असतात. ते आवळले, की परतीची वाट अडते. धमन्यांतून रक्त मात्र येतच राहते. डोक्यातला रक्तदाब वाढतो, डोळ्यांभोवतीच्या रक्ताने भरलेल्या पोकळ्या फुगतात. कात टाकताना जुनी त्वचा सैल करायला हीच युक्ती कामी येते. दाब आणखी वाढला तर पापणीजवळच्या नाजूक भिंती फाटतात आणि चिळकांडी उडते.

रक्त कसे उडते ते कळले. कशासाठी, ते कळेना. शिवाय हा सरडा अभ्यासकांना दाद देत नसे. हातात धरा, टोचा, उलटा करा. बहुतेक वेळा काहीच घडत नसे. आता, माणूस काही या सरड्याचा नेहमीचा शत्रू नव्हे! पण प्रयोगात शत्रूची भूमिका करत होता तो माणूसच.

जॉर्ज मिडेनडॉर्फ आणि वेड शेरब्रुक यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही भूमिका कुत्र्याला दिली. वाळवंटात या सरड्यांना खाणारे कोयोटी आणि खोकड हे कुत्र्याच्याच कुळातले. कुत्रा अंगावर येताच एरवी निमूट राहणारे सरडे रक्त उडवू लागले. (रोडरनर हा पक्षीही त्यांना खातो, पण त्याच्यावर हे अस्त्र चालवले जात नाही.) मला हा प्रयोग फार आवडतो; त्याला महागडे उपकरण लागले नाही, फक्त पाहुणा बदलावा लागला.

पुढे २००४ मध्ये याच दोघांनी किट फॉक्स या वाळवंटी खोकडांवरचे निष्कर्ष मांडले. रक्त तोंडात गेले, की खोकड जोरजोराने डोके झटकत. त्यांना त्या रक्ताची चवच नकोशी होती.