घरच्या शाळेची किंमत

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, असा निर्णय एखादे कुटुंब का घेते? कोणी धर्मासाठी घेते, कोणी शाळा दूर म्हणून, कोणी शाळेच्या साच्याला कंटाळून. परंतु ज्या शाळेचे दार आपल्या मुलापुरते उघडते, ती शेजाऱ्याच्या मुलाला बंद आहे म्हणून नाकारावी, असे उदाहरण विरळा. गांधींच्या घरी ते घडले.

जानेवारी १८९७ मध्ये गांधी सहकुटुंब डर्बनला उतरले. बरोबर हरिलाल व मणिलाल हे मुलगे आणि विधवा बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा होता. गोऱ्यांच्या शाळांत हिंदी मुलांना मज्जाव असे. बॅरिस्टरांच्या मुलांना मेहेरबानी म्हणून प्रवेश मिळाला असता, इतरांना नाही. मिशनच्या शाळा खुल्या होत्या, पण तेथील शिक्षण व इंग्रजी माध्यम गांधींना पसंत नव्हते. त्यांनी दरमहा ७ पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका ठेवली, पण तेवढ्याने समाधान होईना. स्वतः शिकवावे, तर वकिली आणि सार्वजनिक कामातून वेळ निघेना. पुढे जोहान्सबर्गला ते मुलांना बरोबर घेऊन कचेरीपर्यंत पायी जात. जाऊन येऊन सुमारे ५ मैलांची ती वाट, हाच वर्ग!

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या आम्हांला हा पेच ओळखीचा आहे. लढा ढिला करायचा झाला की मालक आधी पुढाऱ्याच्या मुलाला नोकरी देऊ करतो. ती घेतली की त्या दिवसापासून पुढाऱ्याचा सभेतला शब्द हलका पडतो. म्हणून गांधींचा नकार आम्ही कमी लेखत नाही. स्वाभिमानाचा धडा पुस्तकी शिक्षणाहून मोठा, अशी त्यांची धारणा होती आणि आत्मकथेतही ती त्यांनी सोडलेली नाही.

१९१० मध्ये कॅलनबाख यांच्या ११०० एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींची कुटुंबे तेथे राहू लागली. घरची शाळा आता अनेक घरांची झाली. सकाळी शेत व घरकाम, दुपारच्या जेवणानंतर वर्ग. हिंदी, तमिळ, गुजराती, उर्दू शिकवीत. चपला शिवणे, सुतारकाम, स्वयंपाक हेही शिक्षणच. श्रमाने थकलेल्या मुलांना आणि गुरुजींनाही वर्गात डुलक्या येत. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत जी 'नई तालीम' मांडली गेली, तिची मुळे या प्रयोगांत आहेत.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. हरिलाल वडिलांच्या लढ्यात अनेकदा तुरुंगात गेला. डॉ. प्राणजीवन मेहता यांनी एका तरुणाच्या विलायतेतील शिक्षणाचा खर्च देऊ केला, तेव्हा गांधींनी पुतण्या छगनलालला पाठविले. तो आजारी पडून परतल्यावर सोराबजी अडाजणिया या सत्याग्रहीला. हरिलालने १९११ मध्ये घर सोडले. अहमदाबादेस मॅट्रिकसाठी खटपट केली, ती फळाला आली नाही. १९१५ मध्ये त्याने वडिलांना लिहिलेले लांबलचक पत्र छापून वाटले. शिक्षण मिळाले नाही, हे त्यातले मोठे दुःख होते. १९४८ च्या जूनमध्ये मुंबईत तो वारला. त्याच घरचा मणिलाल पुढे अनेक वर्षे 'इंडियन ओपिनियन'चा संपादक होता, हेही खरे. पण एक मुलगा तरला म्हणून दुसऱ्याची तक्रार खोटी ठरत नाही. त्याग बापाचा होता, मुलाला कोणी विचारले नव्हते.

१९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले टॉलस्टॉय फार्मवर राहून आले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक त्याच वर्षी कलकत्त्याच्या कौन्सिलात फेटाळले गेले होते. एकाने थोड्यांसाठीची शाळा नाकारली होती, दुसरा सर्वांसाठी शाळा मागत होता. आमच्या मते ही दोन्ही कामे एकाच लढ्याची आहेत. सवलत नाकारणाऱ्याने दार सर्वांना उघडेपर्यंत झगडले पाहिजे, नाहीतर नकाराचा भार एकट्या पोरावर पडतो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकानंतर ९८ वर्षांनी! आता आपल्या गावातल्या कोणत्या मुलाला ते दार अजून जड जाते, हे श्रोत्यांनी घरी जाताना वाटेत पाहावे, एवढीच आमची विनंती.