परदेशातून घरी येणारा पैसा : आकडे आणि त्यांमागची माणसे

कोकणाचा उल्लेख एके काळी मनीऑर्डरवर चालणारा मुलूख असा केला जाई. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी दरमहा जी रक्कम गावी धाडी, तिच्यावर घरची चूल पेटे. गोव्यातील अनेक ख्रिस्ती घरे बोटीवरच्या तारवट्यांच्या कमाईवर उभी राहिली. पुढच्या बोटीची वाट पाहत हे तारवटी मुंबईत आपापल्या गावाच्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहात मुक्काम करीत. आज मनीऑर्डरची जागा बँकेने आणि मोबाईलने घेतली आहे. मुंबईपलीकडे दुबई, दोहा, लंडन व न्यूजर्सी आली आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ साली जन्मभूमी सोडून परदेशी राहणाऱ्यांची संख्या ३० कोटी ४० लाख होती. १९९० साली ती १५ कोटी ४० लाख होती. संख्या दुपटीजवळ गेली, तरी जगाच्या लोकसंख्येत हे प्रमाण चार टक्क्यांहून कमीच आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. या स्थलांतरितांत सर्वाधिक, सुमारे १ कोटी ८५ लाख, भारतातले आहेत.

घरी आलेल्या पैशातही भारत जगात पहिला आहे. २०१६-१७ मध्ये देशात सुमारे ६१ अब्ज डॉलर आले. २०२४-२५ मध्ये ही रक्कम १३५ अब्ज डॉलरवर गेली. या पैशाचा एक विशेष असा की संकटातही तो सहजी आटत नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत जगभरातील ही रक्कम वीस टक्क्यांनी घटेल, असे जागतिक बँकेने आधी म्हटले होते. प्रत्यक्षात घट अगदी थोडी झाली. अर्थतज्ज्ञ याला स्थैर्य म्हणतात. आम्हाला मात्र त्यात काळजीचाही भाग दिसतो. घरी पाठवायची रक्कम तीच ठेवायची, तर परदेशातल्या माणसाला स्वतःच्या जेवणात आणि भाड्यात काटकसर करावी लागते.

एकूण आकडा वाढत असता त्याच्या पोटात काय बदलले, हे अधिक महत्त्वाचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०१६-१७ मध्ये जवळजवळ निम्मी रक्कम आखातातील सहा देशांतून येत होती. २०२३-२४ मध्ये हा वाटा ३८ टक्क्यांवर आला. अमेरिका २७.७ टक्क्यांसह पहिल्या स्थानी गेली, संयुक्त अरब अमिराती १९.२ टक्क्यांसह दुसऱ्या. राज्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, २०.५ टक्के होता; केरळ त्याच्या किंचित मागे. याचा अर्थ असा, की वाढीचा मोठा भाग शिकलेल्या, डॉलर व पौंडांत पगार घेणाऱ्या तरुणांच्या कमाईचा आहे. देशाचा आकडा फुगला म्हणून आखातात गवंडीकाम, ड्रायव्हिंग वा घरकाम करणाऱ्याच्या घरची आवक वाढलीच, असे मुळीच नाही.

या दुसऱ्या वर्गाचा हिशोब विमान चढण्यापूर्वीच सुरू होतो. एजंटाला द्यायचे पैसे दागिना गहाण ठेवून वा व्याजाने उभे केले जातात, आणि पहिल्या वर्षाची बचत बरेचदा ते फेडण्यातच जाते. वास्तविक १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनुसार नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येतात. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’ असा शिक्का असतो. त्याला आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते, आणि तिच्यासोबत दहा लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. ही कटकट टाळण्यासाठी काही जण ‘व्हिजिट व्हिसा’वर जातात. अपघात झाला किंवा मालकाने पगार अडवला, म्हणजे मग ना विमा असतो, ना कराराचा कागद.

युद्धाचा धोका वेगळाच. १९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर दीड लाखांहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. कित्येकांची वर्षानुवर्षांची पुंजी तिथेच राहिली.

पैसे धाडण्याचा खर्चही ध्यानात घ्यावा. जगात सरासरीने दोनशे डॉलर पाठवायला सहा टक्क्यांहून अधिक खर्च पडतो. २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. अमेरिकेने १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाठवायच्या रकमेवर एक टक्का कर लावला आहे. तो रोख रक्कम, मनीऑर्डर अशा मार्गांपुरता आहे, बँक खात्यातून पाठवणाऱ्यांना नाही. म्हणजे झळ बसते ती खाते नसलेल्यालाच.

ख्रिस्तसभेने हा विषय फार पूर्वी हाती घेतला. पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी काढलेल्या ‘एक्सुल फामिलिया’ या दस्तऐवजाच्या आरंभीच इजिप्तला पळालेले नाझरेथचे पवित्र कुटुंब स्थलांतरितांचा आदर्श म्हणून पुढे ठेवले आहे.

आपल्या धर्मग्रामातील जी मंडळी सध्या पासपोर्टच्या धावपळीत आहेत, त्यांना आमची एवढीच विनंती. एजंटाची नोंदणी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहून घ्यावी, दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी, आणि कराराची, व्हिसाची व विम्याची एकेक प्रत घरच्या कपाटात ठेवून मगच विमानतळाची वाट धरावी.