यशवंतराव : न लिहिलेल्या दोन खंडांविषयी

यशवंतराव चव्हाणांच्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राचा पहिला खंड 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. तो 1946 पाशी थांबतो. देवराष्ट्र्यातील बालपण, आई विठाबाईंचे कष्ट, कराडमधील शिक्षण, तुरुंगवास आणि भूमिगत चळवळ हे सारे त्यात आहे. पुढचे दोन खंड लिहिले जाण्यापूर्वीच, 25 नोव्हेंबर 1984 रोजी ते निवर्तले. त्यामुळे ज्या निर्णयांचा जाब इतिहास त्यांना विचारतो, त्यांवरचे त्यांचे सविस्तर आत्मनिवेदन आपल्यापाशी नाही.

असे निर्णय प्रामुख्याने तीन. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले असताना त्यांनी नेहरूंच्या नेतृत्वाला अग्रक्रम दिला आणि 1956 मध्ये द्वैभाषिकाचे मुख्यमंत्रिपद स्वीकारले. 1969 मध्ये राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले. पण पक्ष दुभंगला तेव्हा ते इंदिरा गांधींसोबत राहिले. 1979 मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला आणि अखेर चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. तत्पूर्वी सरकार बनवण्यासाठी राष्ट्रपतींनी प्रथम त्यांनाच पाचारण केले होते. ते राष्ट्रपती संजीव रेड्डीच होते! बहुमत मात्र जुळले नाही.

याला ‘कुंपणावरचे राजकारण’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते या निर्णयांमागे एक सूत्र दिसते : सत्तेच्या केंद्रापासून तुटायचे नाही, कारण तुटलेल्याला काही उभारता येत नाही. या सूत्राने महाराष्ट्राला बरेच दिले. द्वैभाषिकाच्या त्याच मुख्यमंत्र्याच्या हाती 1 मे 1960 रोजी मराठी राज्य आले, आणि त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. मराठी विश्वकोशाचा पाया तिथेच घातला गेला. 1962 च्या पराभवानंतर संरक्षण खाते सांभाळणाऱ्या यशवंतरावांनी पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही सांभाळली.

परंतु याच सूत्राची किंमतही त्यांनीच मोजली. केंद्राला धरून राहणाऱ्याला स्वतः केंद्र होण्यासाठी एकदा तरी तुटावे लागते. ते धाडस त्यांनी केले, तेव्हा त्यांच्यामागे पुरेसे बळ उरले नव्हते. आज यशवंतरावांचे नाव सर्वच पक्ष घेतात. त्यांचे गुणगान करताना हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. न लिहिलेले ते दोन खंड म्हणूनच आपल्याला, वाचकांना, त्यांच्या निर्णयांतूनच वाचावे लागतात.