फोटो स्टुडिओचा ब्रँड आणि वेबसाइट: नाव, डोमेन आणि परवानगी आपल्याच हातात ठेवा

तुळशीचं लग्न लागलं की तालुक्यातल्या फोटोग्राफरचे फोन वाजायला लागतात. पूर्वी ऑर्डर ओळखीवर मिळायची. आता घरातली पोरं आधी मोबाईलवर काम बघतात, मग फोन लावतात. त्यामुळे लहान स्टुडिओलाही स्वतःची ओळख आणि साधी वेबसाइट लागते. ती करताना काय बघायचं, ते पाहू या.

नाव

एकाच बाजारपेठेत 'साई' नावाचे दोन-तीन स्टुडिओ असले की गिऱ्हाईक गोंधळतं आणि ऑर्डर दुसरीकडे जाते. म्हणून नावाला आडनाव किंवा गाव जोडा. असं नाव आधी कुणी नोंदवलंय का, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. फोटोग्राफीची सेवा वर्ग ४१ मध्ये येते. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं.

लोगो

लोगो फ्लेक्सवरही लागतो आणि फोटोच्या कोपऱ्यात वॉटरमार्क म्हणूनही. त्यामुळे तो एका रंगात आणि बारीक आकारातही वाचता आला पाहिजे. डीटीपीवाल्याकडून नुसती जेपीजी घेऊ नका, ती मोठ्या फ्लेक्सवर फुटते. सीडीआर किंवा एसव्हीजी फाइल मागून घ्या.

डोमेन

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. खरी अडचण इथेच होते. साइट बनवणारा पोरगा डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतो. उद्या तो नोकरीला बाहेरगावी गेला किंवा त्याच्याशी बिनसलं, तर पत्ता त्याच्याच हातात राहतो. म्हणून डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेल आणि मोबाईल नंबरवर घ्या. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. मुदत संपायच्या आधी पैसे भरा. ते राहिलं तर काही दिवसांनी तोच पत्ता दुसरा कुणीही घेऊ शकतो.

वेबसाइटवर काय असावं

- निवडक २०-२५ फोटो आणि एका लग्नाचं पूर्ण काम
- पॅकेज कितीपासून सुरू, त्यात काय मिळतं
- दुकानाचा पत्ता, फोन आणि व्हॉट्सॲपचं बटण

कॅमेऱ्यातला मोठा फोटो तसाच टाकू नका, गावातल्या नेटवर्कवर तो उघडतच नाही. लांब बाजू २,००० पिक्सेलच्या आत आणि फाइल साधारण ३०० केबीपर्यंत ठेवा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर वेबसाइटवर भलतीच अक्षरं दाखवतो आणि गूगललाही सापडत नाही. 'मुक्ता' आणि 'बालू' हे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात.

गूगलवर दुकानाची बिझनेस प्रोफाइलही फुकट बनते. नाव, पत्ता आणि नंबर पाटीवर, बिलावर, साइटवर सगळीकडे एकसारखा ठेवा.

गिऱ्हाईकाची परवानगी

हे बरेच जण विसरतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढायला सांगणारा असतो. वेगळा करार केला असेल तरच ते बदलतं. म्हणजे नवरीचा फोटो न विचारता साइटवर टाकला, तर वाद होऊ शकतो. बुकिंगच्या पावतीवरच एक ओळ छापा: 'आमच्या कार्यक्रमाचे फोटो स्टुडिओच्या जाहिरातीसाठी व वेबसाइटवर वापरण्यास संमती आहे / नाही', आणि खाली सही घ्या. 'नाही' म्हटलं तर ते फोटो टाकायचे नाहीत. दुसऱ्याचे फोटो इंटरनेटवरून उचलून आपलं काम म्हणून दाखवायचे नाहीत.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, आधार आणि पॅन लागतं. कुणी त्याची 'सरकारी फी' मागितली तर देऊ नका. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असलेल्या लहान दुकानाला ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. नुसत्या सेवेच्या व्यवसायाला राज्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी नाव तपासा, मग डोमेन घ्या, मग लोगो, आणि शेवटी वेबसाइट. पाटी आणि पावत्या त्यानंतरच छापा, म्हणजे दोनदा खर्च होणार नाही.